मुठीपाशी मान टाकणारी तलवार: पुठ्ठ्याची आणि फोमची शस्त्रं पुन्हा पुन्हा तिथेच का मोडतात

तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते. तलवार कापली, चिकटवली, रंगवली, फोटोही काढले. दुसऱ्या दिवशी हातात धरली तर पातं मुठीच्या अगदी पुढे लवलेलं. मग चिकटपट्टीचे चार वेढे. तासाभराने पुन्हा तेच. आणखी चार वेढे. शेवटी मुठीजवळ टेपचा गोळा आणि त्यापुढे मान टाकलेलं पातं.

माझी पहिली तलवार अशीच गेली. तालमीत तिने काही त्रास दिला नाही, कारण तालमीत कोणी ती फार वेळ रोखून धरतच नव्हतं. प्रयोगात सेनापतीने ती उपसली, समोरच्यावर रोखली आणि लांबलचक आव्हान सुरू केलं. वाक्यं वीररसातली आणि टोक मात्र हळूहळू जमिनीकडे. टाळ्या पडल्या, पण त्या सेनापतीला नव्हत्या. घरी येऊन मी ती मुठीपाशी उभी चिरली. पातं मुठीपुढच्या आडव्या पट्टीला टेकून संपलं होतं, पट्टीच्या पलीकडून मूठ सुरू झाली होती आणि दोघांना धरून ठेवायला मध्ये ग्लू गनचे दोन ठिपके. म्हणजे मी तलवार केलीच नव्हती. एक पातं आणि एक मूठ केली होती आणि त्यांची शेजारी शेजारी ओळख करून दिली होती.

पुढे सगळं तलवारीच्या उदाहरणाने लिहिलंय, पण परशू, भाला, गदा, काहीही घ्या. जिथे हाताची पकड संपते तिथे दुखणं सुरू होतं.

आधी रोग ओळखा

टेप हातात घेण्याआधी एक चाचणी करा. मूठ टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा, पातं बाहेर हवेत राहू द्या आणि बाजूने बघा. एकदा पात्याची सपाट बाजू वर ठेवून, एकदा धार वर ठेवून.

पातं मुठीपाशी कोनात दुमडलं आणि पुढे सरळच राहिलं, तर सांधा कच्चा आहे. अख्खं पातं कमानीसारखं लवलं, तर पातंच पातळ आहे किंवा पुठ्ठा चुकीच्या दिशेने कापलाय. पातं ताठ आहे पण मुठीत डगडगतंय किंवा गोल फिरतंय, तर आतली काठी सुटली आहे. सगळं घट्ट असूनही पातं पिळवटलेलं किंवा एका अंगाला वळलेलं दिसतं, तेव्हा काही मोडलेलं नसतं. तो ओलाव्याचा प्रताप. या चारही रोगांवर लोक टेपच लावतात आणि टेपचा उपयोग यातल्या एकावरही धड होत नाही.

टेप का हरते

पातं खाली लवतं तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची बाजू दाबली जाते. टेप ताण छान सहन करते. दाब आला की ती नुसती चुरगळते. तुमची मोडलेली तलवार हातात घ्या आणि वाकलेल्या जागेची आतली बाजू बघा: तिथे पुठ्ठ्याला एक आडवी सुरकुती पडलेली असेल. हार तिथे झाली आहे. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमधल्या लाटा तिथे चिरडल्या आणि त्या एकदा चिरडल्या की वरून कितीही गुंडाळा, आत आधार द्यायला काही उरत नाही.

त्यात भर म्हणजे जागा. तरफेचं साधं गणित आहे: पात्याचं सगळं वजन टोकापासून मागे साठत साठत येतं आणि पकडीच्या पुढच्या कडेला त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. आपण नेमका तिथेच जोड देतो.

सांधा: पात्याला शेपटी हवी

खऱ्या तलवारीचं पातं मुठीपाशी संपत नाही. तेच पोलाद निमुळतं होऊन मुठीच्या आत शिरतं, बाहेरून फक्त दिसत नाही. पुठ्ठ्यातही तेच करायचं. पातं तीन थरांचं असेल, तर मधला थर टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत अखंड कापा. मुठीतली शेपटी अडीच ते तीन सेंटिमीटर रुंद असली की पुरे. तिच्या दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचे किंवा फोमचे तुकडे चढवत मूठ भरा. आडव्या पट्टीला मधोमध खाच पाडा आणि ती शेपटीवरून अंगठीसारखी सरकवा. पट्टी पात्याच्या तोंडाला चिकटवायची चूक करू नका. तिने अखंड पात्यावर नुसतं बसायचं असतं, भार घ्यायचा नसतो.

आता दोन गोष्टी, ज्या मला तिसऱ्या तलवारीनंतर कळल्या.

पहिली: सगळे थर एकाच रेषेवर संपवू नका. मधला थर मुठीच्या बुडापर्यंत, वरचा थर पट्टीपासून मुठीत ६ सेंटिमीटर, खालचा थर ९ सेंटिमीटर, असा जिना करा. सगळे एका रेषेत थांबले की ती रेष म्हणजे तयार घडीच. शेपटी घातली आणि तरीही तलवार मोडली असं कोणी सांगितलं, की मी आधी हेच विचारतो.

दुसरी: रुंद पातं जिथे अरुंद शेपटीत उतरतं, तिथला आतला कोपरा काटकोनात कापू नका. फाटायला सुरुवात त्या कोपऱ्यातूनच होते. तिथे नाण्याच्या कडेइतकी गोलाई द्या. फोमच्या पात्यालाही हाच नियम.

थर नुसते एकावर एक नकोत

बरेच जण थरांना चार कोपऱ्यांवर गोंदाचे ठिपके लावतात आणि मग तीन थर घालूनही ताठपणा आला नाही म्हणून चौथा घालतात. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. दोन थर नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो, पण तेच पूर्ण पृष्ठभागावर चिकटवले तर आठपट. तीन थरांचं सांगायचं तर तिप्पट आणि सत्तावीसपट. थर एकमेकांवरून घसरू शकतात की नाही, एवढ्याचाच हा फरक. तेव्हा गोंद कडेपर्यंत पसरवा, जुन्या कार्डाने खरवडून त्याचा पातळ थर करा, आणि दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवा.

पुठ्ठ्याची दिशा हातानेच कळते. तुकडा दोन्ही दिशांनी वाकवून बघा. एका बाजूने तो मुकाट्याने दुमडतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. आतल्या नळ्या ज्या दिशेने धावतात त्या दिशेने तो ताठ असतो, म्हणून पात्यात नळ्या मुठीपासून टोकाकडे जायला हव्यात. थर आलटून पालटून आडवे-उभे लावा असा सल्ला सर्रास दिला जातो. परशूचं पातं किंवा ढाल अशा रुंद गोष्टींना तो बरोबर आहे. चार बोटं रुंदीच्या तलवारीला मी तो मानत नाही. तिथे सगळे थर उभेच लावतो.

खोक्याची जुनी घडी पात्यावर आडवी येणार असेल तर तो भाग सरळ टाकून द्या. घडी इस्त्रीने सपाट होते, पण आतल्या लाटा कारखान्यातच चिरडलेल्या असतात.

लांबीचा मोह

साठ सेंटिमीटरचं पातं ताठ राहतं म्हणून त्याच पुठ्ठ्याचं नव्वदचं केलं आणि ते लोळागोळा झालं, ही तक्रार फार येते. लांबी दीडपट झाली, मग झोलही दीडपट व्हावा असं वाटतं. पण स्वतःच्या वजनाने येणारा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. दीडपट लांबीला तो सुमारे पाचपट होतो. लांब शस्त्राला म्हणूनच आत काहीतरी घालावं लागतं.

बांबूची कामटी मला सगळ्यात आवडते. हलकी असते, चिरून हवी तेवढी पातळ करता येते, आणि गोंद तिला धरतो. पण एक जाड कामटी पात्याच्या बरोबर मध्यभागी घालणं हे कष्ट वाया घालवणं आहे. वाकताना मध्यभागावर ताणही नसतो आणि दाबही नसतो, सगळा जोर बाहेरच्या दोन तोंडांवर असतो. त्यापेक्षा दोन पातळ कामट्या घ्या आणि मधल्या थराच्या वर एक, खाली एक अशा बाहेरच्या थरांखाली बसवा. सुरकुतीची जागा आठवा. ती बाजू पुन्हा चिरडू नये म्हणून ही सोय. कामट्या मुठीच्या बुडापासून निघून पात्याच्या निम्म्याच्या पुढे जाऊ द्या आणि दोन्ही एकाच ठिकाणी संपवू नका, नाहीतर घडी मुठीपासून उठून तिथे जाऊन बसेल.

काहीही घातलं तरी टोकाकडचे शेवटचे दहा सेंटिमीटर मोकळे ठेवा. काठी टोकापर्यंत गेली की खोटं शस्त्र खरी जखम करतं. लोखंडी सळई तर आत घालूच नका. आणि अशा तलवारी एकमेकांवर जोरात हाणायच्या नसतात. कामटी आत तुटली की तिचे अणकुचीदार तुकडे पुठ्ठा फोडून बाहेर येतात.

काठी आत फिरते

प्लास्टिकचा पाइप घातला की हा त्रास ठरलेला. पाइप गोल आणि गुळगुळीत असतो, ग्लू गनचा गोंद त्यावर थंड झाला की सालीसारखा निघतो. मग परशूचं पातं मुठीवर भिरभिरतं. पाइपला जाड पॉलिश पेपरने खरबरीत करा, कापडी टेपचा एक थर उलट-सुलट गुंडाळा आणि मग फोममध्ये बसवा. त्याहून खात्रीचं म्हणजे पाइपला आरपार भोक पाडून त्यातून लाकडाची छोटी काडी आडवी घालणं. त्या काडीची दोन्ही टोकं फोमच्या खाचेत अडकली की पाइप फिरूच शकत नाही.

रात्री सरळ, सकाळी वाकडी

पुठ्ठा कागदाचा असतो आणि कागद पाणी पितो. पांढरा गोंद, म्हणजे आपण ज्याला सर्रास फेविकॉल म्हणतो तो, पाण्यातला गोंद आहे. एका बाजूला गोंद लावला की ती बाजू फुगते, वाळताना आकसते आणि पातं त्या बाजूला वळतं. रंगाचंही तसंच. एकाच बाजूला रंगवून रात्रभर टेबलावर ठेवलेली तलवार सकाळी केळ्याच्या आकाराची होते.

उपाय सरळ आहे: एका बाजूला जे कराल ते त्याच बैठकीत दुसऱ्या बाजूलाही करा. रंगाचा पहिला हात पातळ द्या, पलटा, दुसऱ्या बाजूला द्या, आणि सुतळीने टांगून वाळवा म्हणजे दोन्हीकडून हवा लागेल. आधीच वाकडी झाली असेल तर आतवळलेल्या बाजूवर ओलसर कापड फिरवा. ओलं नव्हे, ओलसर. मग फळ्यांमध्ये दाबून एक दिवस ठेवा. हे एकदा जमतं, दोनदा जमतं. त्यानंतर पुठ्ठा लिबलिबित होतो आणि नवीन कापणं बरं.

फोमची शिवण उघडते

फोम म्हणजे इथे ईव्हीए, ज्याच्या जमिनीवर अंथरायच्या कोड्यासारख्या चटया मिळतात तो. याला पांढरा गोंद लावून काही उपयोग नाही, कारण फोम पाणी शोषत नाही आणि गोंद वर नुसता कातडीसारखा वाळतो. ग्लू गन चालते, पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत वस्तू ठेवली की तो गोंद मऊ पडतो आणि शिवण उघडते. झटपट चिकटणारा गोंद काचेसारखा कडक होतो. फोम वाकतो, गोंद वाकत नाही, आणि जोड कडकन सुटतो.

चपला-बूट चिकटवायला वापरतात तो पिवळसर रबरी गोंद या कामाचा. त्यानेही जोड सुटतात, आणि दर वेळी कारण एकच निघतं: घाई. हा गोंद दोन्ही तोंडांना लावायचा असतो आणि लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असतं. बोट लावलं तर चिकट वाटायला हवं, पण बोटाला काही लागायला नको. ओला असताना जोडलात तर आतला द्रव बाहेर पडायला वाटच राहत नाही आणि जोड दोन दिवस चिखलासारखा राहतो. वाळल्यावर मात्र एकदाच टेकवता येतं, पुन्हा सरकवता येत नाही. म्हणून एका टोकापासून बोटभर बोटभर जोडत जा आणि जोरात दाबा. इथे वेळेपेक्षा दाब महत्त्वाचा.

या गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि ती पेटही घेते. खिडक्या उघड्या ठेवा, आणि हीट गनचं, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राचं, काम गोंदाच्या आधीच उरकून घ्या.

जोड नीट बसतच नसेल, मध्ये फट राहत असेल, तर दोष गोंदाचा नाही, कटरचा आहे. बोथट पातं फोम कापत नाही, ओढतं, आणि कड खडबडीत आणि तिरकी येते. कटरच्या ब्लेडचा बोथट शेंडा मी दर काही कापांनंतर मोडून टाकतो. कंजुषी करून काही वाचत नाही. एका झटक्यात आरपार न जाता दोन-तीन वेळा त्याच रेषेवरून फिरवा, आणि कटर उभा धरा.

रंग तडकतो

वाकणाऱ्या फोमवर न वाकणारा रंग दिला की तडे जाणारच. रंगाआधी दोन पायऱ्या सुटतात म्हणून हे होतं. एक, हीट गन. फोमचा पृष्ठभाग उघड्या छिद्रांचा असतो. गरम हवा सतत हलती ठेवून फिरवली की छिद्रं मिटतात आणि मंद पृष्ठभागावर हलकी चमक येते. चमक आली की पुढे सरका. थांबलात तर फोड येतात. हेअर ड्रायरने हे सहसा होत नाही, तेवढी उष्णता त्यात नसते. दोन, लवचीक अस्तर. पांढरा गोंद थोडं पाणी घालून त्याचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. इथे तो चालतो, कारण काम चिकटवण्याचं नाही, कातडं तयार करण्याचं आहे. एकच जाड हात दिलात तर तोच तडकतो. वर ॲक्रिलिक रंग, तोही पातळ.

तडे गेलेच असतील तर त्यावर पुन्हा रंग ओतू नका. सैल पापुद्रे खरवडून काढा, अस्तर द्या, मग रंग. आणि तडा पुन्हा पुन्हा मुठीजवळच पडत असेल तर तो रंगाचा रोग नाहीच. आत शेपटी नाही. वर जाऊन पुन्हा टेबलाची चाचणी करा.

मूठ मात्र मी रंगवतच नाही. घामाच्या हाताने पांढऱ्या गोंदाचं अस्तर पुन्हा मऊ होतं आणि रंग तळहातावर येतो. कापडाची पट्टी किंवा जाड दोरी गुंडाळा; पकडही चांगली येते.

थर्माकोलबद्दल एकच: स्प्रेचा रंग आणि वरचा रबरी गोंद, दोन्ही त्याला विरघळवतात. गदेचा गोळा डोळ्यांदेखत खड्डे पडून बसतो. पाण्यातला गोंद, पाण्यातला रंग, एवढंच वापरा.

मोडलेली तलवार वाचवायची असेल तर

वेळ असेल तर शस्त्रक्रिया करा. सगळी टेप काढा. पात्याच्या एका तोंडावर, मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर उभा काप द्या, वरचा थर पुस्तकाच्या पानासारखा उघडा आणि चिरडलेला पुठ्ठा काढून टाका. त्या खाचेत कामटी गोंदासकट बसवा, पान मिटवा. दुसऱ्या तोंडावरही तेच. मग फळ्या, वजन, रात्र.

प्रयोग तासाभरावर आला असेल तर गोंद वाळायची वाट बघता येत नाही. लाकडाच्या दोन फूटपट्ट्या शोधा. एक पात्याच्या या तोंडावर, एक त्या तोंडावर, निम्मी पट्टी मुठीकडे आणि निम्मी पात्याकडे, आणि मग कसून टेप गुंडाळा. आता टेप चालेल, कारण दाब लाकूड घेतंय आणि टेपला फक्त आवळून धरायचंय. वरून कापडाची पट्टी गुंडाळली की लांबून दिसणारही नाही. आणि सेनापतीला बजावून ठेवा, आव्हानाचं भाषण चालू असेपर्यंत तलवार खांद्यावर टेकवून उभं राहायचं.